सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालणारच?

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवरची) प्रोसेसर बसवायची जागा. घरचा कॉम्प्युटर अपग्रेड करताना एक सल्ला हमखास मिळतो: ‘सॉकेट तेच आहे ना, मग कुठलाही मदरबोर्ड घ्या.’ हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचे कष्टाचे पैसे अडकून पडतात.

इंटेलचं उदाहरण घ्या. २०१५ची प्रोसेसरची सहावी पिढी आणि २०१७ची डेस्कटॉपवरची आठवी पिढी, दोन्हींचं सॉकेट एलजीए ११५१. पिनांची संख्या तीच, प्रोसेसर बसतोही. पण काही पिनांचं काम बदललेलं आहे. त्यामुळे आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेटच (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी, बोर्डवरची चिप) लागतो. १०० किंवा २०० मालिका अधिकृतपणे चालत नाही.

एएमडीच्या एएम४ या सॉकेटमध्ये बहुतेक वेळा अडतं ते बायोसपाशी, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, बोर्डवरच साठवलेल्या सॉफ्टवेअरपाशी. बी४५० चिपसेट २०१८चा, रायझन ५००० ही प्रोसेसरची मालिका नोव्हेंबर २०२०ची. दुकानात पडून राहिलेल्या, जुन्या बायोसच्या बोर्डवर हा प्रोसेसर लावला तर स्क्रीन काळीच राहते. बोर्ड बिघडलेला नसतो. त्याला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. (काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅक असतं, म्हणजे प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतं. या सोयीसाठी थोडे जास्त पैसे मी आनंदाने देईन.)

पैसे देण्याआधी बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावर सीपीयू सपोर्टची (म्हणजे चालणाऱ्या प्रोसेसरांची) यादी उघडा. बोर्डच्या मॉडेलचं नाव पूर्ण जुळवा, रिव्हिजनसकट (त्याच मॉडेलच्या सुधारित आवृत्तीचा क्रमांक). प्रोसेसरपुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. तीच किंवा त्यापुढची आवृत्ती दुकानदाराकडून टाकून घ्या, मगच बोर्ड घरी आणा.