मोलची गणिते: चुकीच्या मुळाशी पन्नास वर्षांचा घोळ

गोव्यात अकरावी सायन्सला गेलेली मुले सुरुवातीलाच मोलच्या गणितांशी अडतात. मोल म्हणजे अणू-रेणूंसारखे कण ठरावीक संख्येच्या गठ्ठ्याने मोजायचे एकक, डझनासारखे. समीकरण संतुलित करता येते, अणुभार पाठ असतात, तरी उत्तर चुकते. कारण बहुतेकदा एकच: समीकरणातले आकडे कणांची संख्या सांगतात आणि मुले ते ग्रॅम धरून चालतात. याबद्दल मुलांना बोल लावू नये. वजनाचे प्रमाण वेगळे आणि संख्येचे वेगळे, हे निस्तरायला खुद्द रसायनशास्त्राला पन्नास वर्षे लागली.

डाल्टनने 1808 मध्ये अणुसिद्धांताचा ग्रंथ काढला, तेव्हा पाण्याचे सूत्र कळायला मार्ग नव्हता. हायड्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, असे त्याने सोपे म्हणून गृहीत धरले. ऑक्सिजनचा अणुभार त्यामुळे 16 ऐवजी 7 आला. मोजमापेही तेव्हा कच्ची होती. पुढे गे-ल्युसॅकने दाखवले, की दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांपासून वाफेची दोन घनफळे होतात. डाल्टनला ते पटेना. ऑक्सिजनचा अणू अर्धा कसा होणार? अणू अर्धा होत नाही, दोन अणूंचा रेणू दुभंगतो, हे उत्तर आवोगाद्रोने 1811 मध्येच दिले होते. समान तापमान व दाबाला समान घनफळात रेणूंची संख्या सारखीच, हेही त्याने सांगितले. पण त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

गुंता सोडवला तो जेनोआतल्या एका शिक्षकाने. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता कानिझारोने आवोगाद्रोच्या आधारे अणुभारांची नीट मांडणी केली, 1858 मध्ये ती छापली आणि 1860 च्या रसायनशास्त्रज्ञांच्या कार्ल्सरूह परिषदेत ती पुस्तिका वाटली गेली. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता डिचोली, सांग्याच्या खाणींतले खनिज घ्या. त्यातले फेरिक ऑक्साइड शुद्ध 160 ग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइड 100 ग्रॅम असेल, तर आधी काय संपेल? ऑक्साइड वजनाने जास्त, पण त्याचा एक मोलच 160 ग्रॅमचा, म्हणून मोल एकच. मोनॉक्साइडचा मोल 28 ग्रॅमचा, म्हणून त्याचे साडेतीनाहून थोडे अधिक, आणि Fe₂O₃ + 3CO → 2Fe + 3CO₂ या समीकरणाप्रमाणे लागतात तीनच. म्हणून ऑक्साइड आधी संपते आणि लोखंड 112 ग्रॅम मिळते. आधी मोल, मग तुलना, शेवटी परत ग्रॅम.

मोल हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत 1971 मध्ये आले. 20 मे 2019 पासून त्यातली कणसंख्या 6.02214076 गुणिले 10 चा 23 वा घात अशी कायमची ठरवली आहे. अकरावीच्या गणिताला 6.022 पुरते.