दोन घासांत पोट गच्च : आहारविकार आणि पचनाची पार्श्वभूमी

“दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं.” ॲनोरेक्सिया (खाणं आटत जाऊन वजन घटत जाणं) किंवा बुलिमिया (अधाशासारखं खाऊन ते उलट्यांनी वा रेचकांनी काढून टाकणं) या आहारविकारांशी झुंजणाऱ्या अनेकांच्या तोंडी हे वाक्य असतं. घरच्यांना ते न जेवण्याचं निमित्त वाटतं. पित्ताच्या गोळ्या होतात, सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि ‘मनाचं आहे’ असं म्हणून विषय मिटतो. पण तक्रार खरी असते. ती मोजून सिद्ध व्हायला वैद्यकशास्त्राला शंभर वर्षं लागली आणि त्या उशिराचं एक कारण, मला वाटतं, आजाराच्या नावातच आहे.

ऑक्टोबर १८७३ मध्ये सर विल्यम गल यांनी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. गल हे गाय्ज हॉस्पिटलचे नामांकित डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडच्या युवराजांच्या टायफॉइडवर त्यांनी उपचार केले होते. खाणं सोडून हाडांचा सापळा झालेल्या तरुण मुलींच्या या आजाराला १८६८ मध्ये ऑक्सफर्डच्या भाषणात त्यांनी ‘अपेप्सिया हिस्टेरिका’ म्हटलं होतं. अपेप्सिया म्हणजे पचन न होणं. आता त्यांनी तो शब्द मागे घेतला. या मुली जेवढं खातात तेवढं, अगदी शेवटची अवस्था सोडली तर, चांगलं पचतं. गेली आहे ती भूक, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ‘ॲनोरेक्सिया’. हिस्टेरिया तेव्हा बायकांचा आजार समजला जाई; हा तर पुरुषांनाही होतो, म्हणून ‘हिस्टेरिका’ऐवजी ‘नर्व्होझा’, म्हणजे मज्जासंस्थेशी निगडित. हेच नाव आजही चालतं.

गल यांनी मोठं काम केलं यात शंका नाही. त्यांच्या निबंधातल्या १७ वर्षांच्या ‘मिस ए’ला सिंकोना, पारा, लोहाची सिरपं असं काय काय पाजलं गेलं होतं आणि कशाचाच गुण आला नव्हता. गल यांनी औषधांपेक्षा ठरावीक वेळाने अन्न आणि शरीराला ऊब यांवर भर दिला. पण त्याच मुलीच्या तपासणीत त्यांनी आणखी काही टिपून ठेवलं होतं : नाडी ५६, श्वास मिनिटाला १२ आणि थोडा मलावरोध. सगळं शरीरच मंदावलं होतं, त्यात आतडीही आली. पण खाल्लेलं पचतंय म्हणजे पोट ठीक, असा निष्कर्ष निघाला. जठर किती सावकाश हलतंय हे पाहायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. एक्स-रेचा शोध लागायला अजून बावीस वर्षं होती.

त्याच वर्षी, गल यांच्या निबंधाच्या काही महिने आधी, पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी आठ पेशंटवरून याच आजाराचं वर्णन छापलं होतं. मला ते जास्त जिवंत वाटतं, कारण त्यांची सुरुवातच पोटापासून होते. जेवल्यावर मुलीला अस्वस्थ वाटतं, पोट भरल्यासारखं, दुखल्यासारखं होतं. यावर उपाय एकच, कमी खायचं, असं ती ठरवते. आज डोकेदुखीचं कारण, उद्या चव नसल्याचं, परवा पुन्हा दुखेल या भीतीचं, असं करत जेवण आटत जातं. लासेग आजाराला मनाचाच मानत होते, तरी पेशंटने सांगितलेलं पोटाचं दुखणं त्यांनी वगळलं नाही. त्याआधी, १६८९ मध्ये, रिचर्ड मॉर्टन या इंग्लिश डॉक्टरांनी क्षयावरच्या ग्रंथात ताप नाही, खोकला नाही, तरी झिजत गेलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीची हकिगत दिली होती. ती वाचताना आपल्याकडचं आठवतंच. मुलगी वाळू लागली की इथेही पहिली शंका टीबीचीच येते, आणि ती तपासायलाच हवी.

१८९७ च्या सुमारास हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन याने मांजरांना एक्स-रेत उठून दिसणारं बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन एक्स-रेखाली त्यांचं जठर पाहिलं. अन्न घुसळलं जात होतं. मांजर बिथरलं की घुसळण थांबे, शांत झालं की पुन्हा सुरू होई. मन आणि जठर यांचा धागा असा डोळ्यांना दिसला. पण आहारविकारांच्या अभ्यासाने तो हाती घेतला नाही. १९१४ मध्ये जर्मनीत मॉरिस सिमंड्स यांनी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी झाल्याने येणाऱ्या कृशतेचं वर्णन केलं आणि पुढची काही दशकं ॲनोरेक्सियाची गल्लत त्या आजाराशी होत राहिली. त्यानंतर मनोविश्लेषणाचा काळ आला. पोट पुन्हा बाजूलाच राहिलं.

उपासमारीने शरीराचं काय होतं, हे कळलं ते युद्धामुळे. नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग सुरू केला. लढायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या, डोक्यात सतत अन्नाचे विचार. पुन्हा भरपूर खायला मिळाल्यावरही कित्येकांची भूक शमेना. यांच्यातल्या कुणालाही आधी आहारविकार नव्हता. ज्या लक्षणांना लोक ‘नखरे’ म्हणतात, त्यांतली कितीतरी निव्वळ उपासमारीची आहेत, हे इथे दिसलं.

ॲनोरेक्सियाच्या पेशंटचं जठर प्रत्यक्ष मोजायला सुरुवात झाली ती १९७० च्या दशकाच्या शेवटी. पुढे किंचित किरणोत्सर्गी अंश मिसळलेलं जेवण द्यायचं आणि ते जठरातून किती वेळात पुढे सरकतं हे कॅमेऱ्याने पाहायचं, अशी पद्धत रुळली. अनेक पेशंटमध्ये जठर, विशेषतः घट्ट अन्नाच्या बाबतीत, फार सावकाश रिकामं होत होतं. सकाळचं अन्न दुपारी पोटातच असेल तर दुपारच्या दोन घासांनी पोट गच्च होणारच. मोठ्या आतड्याचंही तेच : अन्नच कमी, म्हणून चोथा कमी, वर स्नायू संथ, म्हणून मलावरोध. वजन फारच उतरलं तर आणखी एक संकट येऊ शकतं. महाधमनी आणि आतड्याकडे जाणारी मोठी धमनी यांच्यामधली चरबी झिजते, त्या बेचक्यात लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दाबला जातो आणि जेवल्यावर दुखून उलट्या होतात.

म्हणजे कमी खाल्ल्याने पोट मंदावतं आणि मंद पोट आणखी कमी खायला लावतं. उलट्या आणि रेचकांनी हा फास आणखी आवळतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० पेशंटवरून बुलिमियाचं वर्णन केलं, तेव्हा उलट्यांचे धोकेही मांडले. रक्तातलं पोटॅशियम घसरतं. त्याने हृदयाचा ठोका बिघडतो आणि आतडीही सुस्तावतात. रेचकं काम करतात ती मुख्यतः मोठ्या आतड्यात, आणि तोवर अन्नातली बहुतेक ऊर्जा लहान आतड्याने शोषलेली असते. जातं ते पाणी आणि क्षार.

जठराला वेग देणारी औषधंही वापरून पाहिली गेली. सिसाप्राइडवर बरीच आशा होती, पण त्याने हृदयाची लय बिघडते असं दिसलं. अमेरिकेत २००० साली ते बाजारातून काढलं गेलं, भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. उपाशी शरीराचं हृदय तर आधीच नाजूक. खरा उतारा ठरला तो अन्नाचाच. नियमित, थोडं थोडं खाणं सुरू झालं की काही आठवड्यांत जठर आणि आतडी बऱ्याच अंशी पूर्वपदावर येतात. मात्र पहिले काही दिवस फुगणं, दुखणं वाढू शकतं. हे पेशंटला आधी सांगावंच लागतं, नाहीतर ‘जेवले म्हणूनच त्रास झाला’ हा समज पक्का होतो. शिवाय फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीवही जाऊ शकतो. म्हणून ही सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी, घरच्या आग्रहावर नको.

आपल्यासाठी या इतिहासातला सगळ्यात जवळचा भाग आशियातला आहे. हाँगकाँगमध्ये सिंग ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ७० पेशंटचा अभ्यास छापला. त्यांतल्या ४१ जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. न खाण्याचं कारण म्हणून पोट फुगणं सांगणारे त्यात सर्वाधिक होते. १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्सचे एस. के. खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी पाच तरुणींची नोंद केली. खायला नकार, सततच्या उलट्या, घटलेलं वजन, थांबलेली पाळी, पण आपण जाड दिसतो असं मात्र त्यांना वाटत नव्हतं. पाश्चात्त्य निकषांत जाडपणाची भीती अनिवार्य होती, त्यामुळे अशा मुली निदानाच्या बाहेर राहत. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने निकष बदलला. आता ती भीती तोंडाने कबूल करावी लागत नाही. वजन वाढू न देणारं सततचं वागणंही पुरेसं धरलं जातं. दुखण्याच्या किंवा उलटीच्या भीतीने खाणं टाळणाऱ्यांसाठी त्याच पुस्तिकेत एक वेगळं निदानही आलं. “जाड नाही व्हायचं असं काही नाही, पण जेवलं की पोट दुखतं” असं म्हणणाऱ्या मुलीला त्या पुस्तकात जागा मिळाली, ती लासेग यांच्या निबंधानंतर १४० वर्षांनी.