घरातल्या घरात व्हिडिओ वाटप

सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर किंवा गेमिंगचं मशीन एकाच खोलीत ठेवून त्याचं चित्र आणि आवाज बाकीच्या खोल्यांमधल्या टीव्हींना पोचवायची पद्धत. बोलताना सगळे "एका बॉक्सवर दोन टीव्ही" असंच म्हणतात, आणि आपल्याकडे ते करण्यामागचं मुख्य कारण म्हणजे दुसऱ्या बॉक्सचं महिन्याचं भाडं वाचवणं. या नोंदीत भर एचडी आणि फोरके सिग्नलवर आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. याचं मूळ सामायिक अँटेनात, म्हणजे एका अँटेनावरून अनेक जागी तार नेण्यात; त्याची सुरुवात अमेरिकेत १९४८ च्या सुमारास झाली इतपत सगळे मान्य करतात, पण पहिला कोण यावर वाद आहे. पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय सिटीचे दुकानदार जॉन वॉल्सन यांनी डोंगरावर अँटेना लावून जून १९४८ मध्येच तार गावात आणली असा त्यांचा दावा, मात्र त्या काळची कागदपत्रं पुढे आगीत गेली म्हणतात. ऑरेगॉनमधल्या ॲस्टोरियाचे एल. ई. पार्सन्स यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात सिॲटलचं नवं स्टेशन हॉटेलच्या छतावरच्या अँटेनाने पकडलं आणि तार आधी स्वतःच्या फ्लॅटमध्ये, मग हॉटेलच्या लॉबीत, मग समोरच्या म्युझिकच्या दुकानात नेली. आपल्या विषयापुरतं पार्सन्सचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं, एक तर त्याला पुरावा बरा आहे आणि दुसरं म्हणजे एका जागचं चित्र भिंतीपलीकडे न्यायचं हेच तर तिथे झालं. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, पण वाटपाची सवय लागली ती व्हीसीआरमुळे, साधारण ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात: इमारतीत एकाकडे व्हीसीआर आणि तिथून को-ॲक्सियल वायर डक्टमधून मजल्यामजल्यावर.

ॲनालॉगच्या काळात हे काम सोपं होतं. स्प्लिटर लावला की सिग्नल अर्धा व्हायचा (दोन फाट्यांच्या स्प्लिटरला साधारण ३.५ डेसिबलची घट), फारच मुंग्या आल्या तर बूस्टर. टीव्हीला कोणी काही विचारत नव्हतं. एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी डिजिटल जोडणी) आल्यावर बॉक्स टीव्हीला आधी चार प्रश्न विचारतो आणि उत्तरं पटली तरच चित्र सोडतो, आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही, ते केबलच बदलत बसतात.

एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ चं, सोनी, फिलिप्स, तोशिबा वगैरे सात कंपन्यांचं. प्लगमध्ये १९ पिना असतात. टीव्हीने १९ नंबरच्या पिनवर व्होल्टेज दिलं की बॉक्सला कळतं पलीकडे कोणीतरी आहे, मग तो १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून टीव्हीची ईडीआयडी नावाची छोटी कुंडली वाचतो, त्यात टीव्हीला कुठलं रिझोल्यूशन आणि कुठला आवाज झेपतो ते लिहिलेलं असतं. आता स्प्लिटरला दोन टीव्ही लावले तर बॉक्सला कुंडली कुणाची दाखवायची? काही स्प्लिटर पहिल्या पोर्टची दाखवतात, बरेचसे दोघांना झेपेल तेवढंच दाखवतात, म्हणजे किचनमधल्या ७२० ओळींच्या जुन्या टीव्हीच्या चालीने हॉलमधल्या फोरके टीव्हीलाही चालावं लागतं. मॅट्रिक्स स्विचमध्ये (अनेक बॉक्स आणि अनेक टीव्ही हवे तसे जोडणारा डबा) ही कुंडली हाताने ठरवता येते, काहींमध्ये प्रत्येक आउटपुटला चित्र लहानमोठं करायची सोयही असते.

यानंतरची पायरी एचडीसीपी, चित्राची नक्कल होऊ नये म्हणून इंटेलने बनवलेलं कुलूप. पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणाकडे ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या आणि एक ४० बिटांची ओळख, तिच्यात बरोबर २० वेळा १ आणि २० वेळा ०. मधे स्प्लिटर असेल तर त्याने पुढच्या सगळ्या टीव्हींच्या ओळखी गोळा करून ५ सेकंदांत वर कळवायच्या. पहिल्या पिढीत जास्तीत जास्त १२७ उपकरणं आणि एकापुढे एक स्प्लिटरच्या ७ पातळ्या चालतात, दुसऱ्या पिढीत ३२ आणि ४. २००१ मध्येच अभ्यासकांनी या रचनेतला कच्चा दुवा दाखवला होता, सप्टेंबर २०१० मध्ये मास्टर की (जिच्यावरून बाकीच्या सगळ्या किल्ल्या बनतात ती) बाहेर आली आणि इंटेलनेही ती खरी असल्याचं मान्य केलं. तरी घरातला त्रास काही कमी झाला नाही, कारण बऱ्याचशा फोरके मजकुराला एचडीसीपी २.२ लागतं आणि साखळीत एक जरी जुना दुवा असला की काळा पडदा नाहीतर फोरकेऐवजी १०८० ओळींचं चित्र.

तारेबद्दल. आपल्याकडे भिंतीतला कन्सील्ड पाइप पाऊण किंवा एक इंची, त्याच्या बेंडमधून एचडीएमआयचा मोल्डेड प्लग सहसा जातच नाही, म्हणून कॅट-सिक्स (नेटवर्कची वायर) ओढून नंतर टोकं क्रिम्प करतात आणि दोन्हीकडे एचडीबेसटीचे, म्हणजे एचडीएमआयचा सिग्नल त्या वायरवरून नेणारे, डबे लावतात. हे तंत्र इस्रायलच्या व्हॅलेन्सचं, २०१० मध्ये एलजी, सॅमसंग आणि सोनी पिक्चर्सबरोबर संघटना झाली, पल्ला १०० मीटरपर्यंत. ६० फ्रेमच्या पूर्ण रंगाच्या फोरकेला तारेवर १७.८२ जीबीपीएस (सेकंदाला अब्ज बिट) लागतात, जुन्या डब्यांना ते झेपत नाही, ते रंग कमी करतात किंवा दाबून पाठवतात. बाजारात कॅट-सिक्स म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही खपवतात, ती इथे घेऊ नये. ऑप्टिकल एचडीएमआय केबल बारीक आणि लांब पल्ल्याची, पण एकाच दिशेने चालते, टोकावर सोर्स आणि डिस्प्ले लिहिलेलं असतं, ते न वाचता पाइपातून उलटी ओढली की पुन्हा सगळी बाहेर काढायची.

नेटवर्कवरून पाठवायचं तर साध्या गिगाबिट लायनीत १०८० चं न दाबलेलं चित्रही (एचडीएमआयच्या तारेवर ४.४५ जीबीपीएस) मावत नाही, दाबावंच लागतं, आणि दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो. मॅच असली की हे लगेच कळतं: हॉलमधून "गेला रे" असा ओरडा येतो तेव्हा बेडरूममध्ये बोलर अजून रनअपवर असतो.

उरला रिमोट. बेडरूममधून चॅनल बदलायचा तर इन्फ्रारेड किरण उलट्या दिशेने हॉलपर्यंत न्यावे लागतात, त्यासाठी टीव्हीखाली एक डोळा आणि बॉक्सच्या काचेवर दुहेरी टेपने चिकटवलेला दिवा. टेप सुटून दिवा खाली लोंबला की रिमोट बिघडला असं समजून लोक सेल बदलतात. आणि तो नीट चालत असला तरी बॉक्स एकच, त्यामुळे आत आजीने सिरियल लावली की बाहेरच्या बातम्या गेल्या.