पाळी गेल्यानंतर शरीरसंबंध का दुखतात?

पाळी गेल्यावर येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. योनिमार्गाचा कोरडेपणा मात्र तसा जात नाही. उपचार न केल्यास तो वाढत जातो. पाळी गेलेल्या साधारण निम्म्या स्त्रियांना हा त्रास होतो. साठीनंतर संबंध नको वाटले की 'आता इच्छाच उरली नाही' असं म्हणून विषय मिटवला जातो. पण पुष्कळदा क्रम उलटा असतो: आधी दुखतं, मग नको वाटतं.

मूळ आहे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामध्ये. ते पुरेसं असतं तोवर योनीचं अस्तर जाड, घड्यांचं आणि ओलसर राहतं. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून तिथला सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.५ ते ४.५ असतो. इस्ट्रोजेन घटलं की अस्तर पातळ होतं, घड्या सपाट होतात, सामू ५ च्या वर जातो आणि आतड्यातल्या जिवाणूंना वाट मोकळी होते. मूत्रमार्गाचं अस्तरही याच संप्रेरकावर अवलंबून असतं. त्यामुळे संबंधाच्या वेळची आग आणि पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग यांचं कारण अनेकदा एकच असतं. पण लघवीसाठी अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतात आणि कोरडेपणाबद्दल कुणी विचारतही नाही.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील, तर हा बदल सावकाश न होता एकदम येतो. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं कमी वयातच काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. ज्यांचे अंडाशयही गेले, त्यांना हा त्रास ऐन तिशी-पस्तिशीत गाठू शकतो.

उपचारात पहिला गोंधळ दोन वस्तूंचा होतो. मॉइश्चरायझर आठवड्यातून २-३ वेळा लावायचं, संबंध असोत वा नसोत. त्याने अस्तरात ओलावा टिकतो. लुब्रिकंट फक्त संबंधाच्या वेळी, घर्षण कमी करायला. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. लुब्रिकंट पाण्यावर आधारलेलं किंवा सिलिकॉनचं घ्यावं. पाण्यावरचं लवकर सुकतं, तेव्हा मध्ये पुन्हा लावायला संकोच नको. सुगंधी, चवीचं किंवा 'गरम' वाटणारं टाळावं, नाजूक झालेल्या अस्तराची त्याने आग होते. खोबरेल तेल अनेकींना सोसतं, पण लॅटेक्सचा कंडोम त्याने फाटू शकतो. साबण, इंटिमेट वॉश आणि जंतुनाशकाचं पाणी आत कधीच नको. बाहेरून साधं पाणी पुरतं.

एवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत वापरायचं इस्ट्रोजेन. आपल्याकडे बहुधा इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम लिहून देतात: एका वेळी ०.५ ग्रॅम, झोपताना, पहिले २ आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा. ॲप्लिकेटरवरची खूण पाहून तेवढंच भरावं. नळी काठोकाठ भरायची नाही. फरक २-३ आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला ३ महिने लागतात. उपचार फसतो तो इथेच: पहिली ट्यूब संपली की थांबायचं, किंवा क्रीम संबंधाच्या ऐन आधी लुब्रिकंटसारखं वापरायचं. क्रीम बंद केलं की अस्तर पुन्हा पातळ होतं.

खोक्यातलं माहितीपत्रक वाचून घाबरणाऱ्या पुष्कळ असतात. पण त्यातले इशारे बऱ्याचदा तोंडाने घ्यायच्या संप्रेरकांवरून घेतलेले असतात. योनीत ठेवायची १० मायक्रोग्रॅमची इस्ट्राडिऑलची (हाही इस्ट्रोजेनचाच प्रकार) गोळी अशीच, पहिले २ आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, वर्षभर वापरली, तरी एकूण औषध भरतं जेमतेम १.१४ मिलिग्रॅम. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, विशेषतः ॲरोमाटेज रोखणारी (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी) औषधं चालू असतील, तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

अस्तर सुधारूनही दुखत असेल, तर संशय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो. दुखेल या धास्तीने ते आपोआप आवळले जातात, आणि आवळल्यामुळे आणखी दुखतं. अशा वेळी केगेल (हेच स्नायू आवळण्याचा व्यायाम) करत बसणं उलट त्रासाचं ठरू शकतं. आधी स्नायू सैल सोडायला शिकावं लागतं. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर (योनीत घालायच्या गुळगुळीत नळ्या) वापरले की फरक पडतो.

हे सगळं डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीनंतर लैंगिक बाबींवर डॉक्टरांशी बोललेल्या स्त्रिया त्यात फक्त २२ टक्के होत्या, पुरुष ३८ टक्के. आपल्याकडे तर सूनबाई किंवा मुलगा सोबत तपासणीच्या खोलीत बसलेला असतो. त्यांना पाच मिनिटं बाहेर थांबवणं हे डॉक्टरांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र कोरडेपणावर ढकलू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर संबंधानंतर किंवा एरवी थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी तपासणी हवीच. योनीमार्गे सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तुकडा काढून तपासतात. रक्ताचं कारण कळेपर्यंत इस्ट्रोजेनचं क्रीम सुरू करत नाहीत.