उमेदवारी आणि पदवी: साठ वर्षांचा अबोला

उद्यमनगरातल्या फाउंड्रीत नवा पोरगा आला की मेस्त्री त्याच्या हातावर साच्याची वाळू ठेवतो. मुठीत दाबायची, मग गोळा मधोमध मोडायचा. बोटांचे ठसे उमटले आणि कड न ढासळता तुटला, तर ओल बेताची. जास्त झाली तर ओतलेल्या लोखंडात वाफेची भोकं पडतात आणि अख्खा नग भंगारात जातो. अशी उमेदवारी, म्हणजे हाताखाली राहून काम शिकणं, कोल्हापूरला नवी नाही. तिचा कागद तेवढा मिळायचा नाही.

कागदाची वाट वेगळी होती. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’मुळे गरिबांची पोरं अंगमेहनत करून शिकली. काम थोरच, पण त्या कमाईवर शिक्षण चालायचं, त्या कामाचे गुण पदवीत धरले जात नव्हते.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. पाठोपाठ आलेली ही भावंडं पुढं साठेक वर्षं एकमेकांशी फारशी बोललीच नाहीत म्हणा ना. १९७३ च्या दुरुस्तीनं इंजिनिअर पदवीधरांना उमेदवारीत आणलं, पण पदवी हातात पडल्यावर.

बाहेर ही गाठ आधीच बसली होती. अमेरिकेत सिनसिनाटीला हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्येच वर्ग आणि कारखाना आलटून पालटून सुरू केले. जर्मनीत श्टुटगार्ट भागात डायमलर-बेंझ, बॉशसारख्या कंपन्यांच्या पुढाकारातून १९७४ मध्ये ‘बेरुफ्सअकादमी’ उभी राहिली: साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, आणि पगार दोन्हीकडे चालूच. २००९ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जाही मिळाला.

आपल्याकडे २०१४ च्या दुरुस्तीनं बीए, बीकॉमवाल्यांनाही उमेदवारीचं दार उघडलं. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये ठरवला. खरी गाठ पडली ती २०२० मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या आतच उमेदवारी बसवून तिला क्रेडिट द्यायची मुभा दिली तेव्हा. (नव्या अभ्यासक्रमातली ‘ओजेटी’, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, हे हेच नव्हे, तिथं पैसे मिळतीलच असं नाही.)

आता पेच साधे आहेत, पण चिवट. शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखाने पाळ्यांवर चालतात, कॉलेज तासांवर. आणि वाळूची ओल ओळखल्याचे गुण कुणी द्यायचे, प्राध्यापकांनी की मेस्त्रीनं?