पिवळी पानं आणि सादळलेलं कपाट

पेशवाईतला मोडी कागद नीट ठेवलेला असेल तर आजही उलगडून वाचता येतो. 1950-60 च्या दशकातल्या कादंबरीचं पान मात्र कोपरा दुमडला की तुटून हातात येतं. वय कमी आणि अवस्था वाईट, हे कच्च्या मालामुळे घडतं. जुन्नरचे किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, चिंध्या, जुने दोर आणि गोणपाट चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटत. त्यातून लांब, चिवट धागे मिळत. मग कागदाला खळ देऊन तो दगडाने घोटत. चुन्याचा जो अंश मागे राहतो, तो पुढे तयार होणारं आम्ल मारतो. मोडी लिहायची काजळीची शाईही कागद खात नाही.

लाकूड दळून लगदा करायची रीत जर्मनीत केलर नावाच्या संशोधकाने 1844 च्या सुमारास काढली आणि कागद स्वस्त झाला. वाचनालयं आणि मासिकं फोफावली ती त्याच कागदावर, म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण लाकडात लिग्निन, म्हणजे त्याचे धागे जोडून धरणारा पदार्थ, असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. शिवाय शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट घालत. हवेतल्या ओलाव्यात त्यापासून आम्ल तयार होतं आणि कागदाचे धागे ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या ते तोडतं. साखळ्या तुटताना आणखी आम्लं सुटतात, म्हणजे नासाडीचा वेग वाढतच जातो. पिवळेपणा आणि ठिसूळपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हे इथे ध्यानात घ्यावं. पिवळं पण लवचीक पान अजून बरीच वर्षं वाचता येईल.

जुन्या पुस्तकाचा गोडसर वास अनेकांना आवडतो. तो याच नासाडीचा. लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, सेल्युलोजच्या विघटनातून फरफ्युराल. वास आंबट, व्हिनेगरकडे झुकणारा असेल तर आम्ल वाढलं आहे. कुबट असेल तर बुरशी.

आम्ल घरच्या घरी काढता येत नाही. वेग कमी करता येतो. तापमान 5 अंशांनी उतरलं की कागदाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ हिशेब आहे. पण पुस्तकांसाठी रात्रंदिवस एसी कोण लावणार? आपल्या हातात असतो तो ओलावा. आर्द्रता 45 ते 55 टक्के असावी. 65 च्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक कपाटातच ठेवावा. खोलीतला आकडा आणि कपाटातला आकडा यांत बराच फरक पडतो.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, 5 ते 8 सेंटिमीटर मोकळं ठेवावं. खालचा खण जमिनीपासून निदान 10 सेंटिमीटर वर हवा. पुस्तकं ठासून भरू नयेत. हवा खेळत नाही आणि काढताना कण्याचं वरचं टोक फाटतं. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलावी आणि हवं ते मधोमध धरून ओढावं.

सगळ्यात जास्त चूक होते ती पावसाळ्यात. कुबट वास आला म्हणून जुलैत कपाट उघडं टाकतात. बाहेरची हवा 90 टक्के ओली असताना त्याने पुस्तकं आणखी सादळतात. आषाढ-श्रावणात दारं घट्ट बंद, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या. दाण्यांचा रंग बदलला की ते भरले. मग ते ठेवून काही उपयोग नाही. ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. बाजारातल्या टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या पुस्तकांच्या कपाटात नकोत. त्यांत खारं पाणी साचतं, पिशवी फुटली की खालचा खण गेला. दारं सताड उघडायची ती दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. आपल्याकडे सरस्वतीपूजनाला पुस्तकं बाहेर निघतात, ती वेळ बरोबर आहे. ऊन मात्र दाखवू नये: कागद अधिक पिवळा पडतो आणि पुठ्ठे वाकतात. सावलीतला वारा पुरतो.

किडा ओळखायला त्याची खूण बघावी. पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसला तर कसर. तिला खळ आवडते. पानांतून आरपार बारीक भोकं आणि भुकटी म्हणजे भुंगेऱ्याच्या अळ्या. भिंतीवरून मातीची नळी आली असेल तर वाळवी, तिथे कपाट पुसून भागत नाही. दीड-दोन मिलिमीटरचे पांढुरके किडे बुरशीवर जगतात, म्हणजे तो ओलाव्याचा इशाराच. डांबराच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नये. कपाटाच्या फटींतून वाफ निघून जाते आणि ती माणसांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, अपायकारक असते. कीड लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, हवा काढून चिकटपट्टीने बंद करावं आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नये, नाहीतर थंड पुस्तकावर दव धरतं.

फाटलेल्या पानाला पारदर्शक टेप हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. काही वर्षांनी पट्टी सुटते, पण डिंक तेलकट तपकिरी होऊन कागदात मुरतो. त्यापेक्षा एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत दहा-पंधरा मिनिटं शिजवून, गाळून केलेली खळ आणि पातळ चिवट कागदाची पट्टी बरी. नको असेल तेव्हा पाण्याने सोडवता येते. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालत, पण तांब्याचे क्षार कागदाची नासाडी वाढवतात. नुसती खळ वापरावी आणि कपाट कोरडं ठेवावं.

1950-60 च्या दशकातली कितीतरी मराठी पुस्तकं पुन्हा छापलीच गेली नाहीत, फोनवरही मिळत नाहीत. कोऱ्या पानाचा कोपरा मागेपुढे दुमडून पाहावा. चार-पाच घड्यांच्या आत तुटला तर ते पुस्तक आता हाताळायचं नाही, आधी स्कॅन करायचं. लेखकाच्या निधनाला 60 वर्षं उलटली असतील तर ती प्रत इतरांनाही देता येते. सपाट काच दाबणारा स्कॅनर नको; पुस्तक 90 ते 120 अंशच उघडावं, दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशा द्याव्या आणि वरून कॅमेऱ्याने एकेका बाजूची सगळी पानं टिपावीत. शिवणीत गेलेली अक्षरं वाचता येतात का, हे पहिल्या दहा पानांतच मोठं करून पाहावं.