मंडपात बसून घरचं पारायण करू नका

दरवर्षी ज्ञानेश्वरी पारायणाच्या सप्ताहात पहिल्या दिवशी तेच. पहिला अध्याय निम्माही झालेला नसतो आणि तिसऱ्या रांगेतला एक खणखणीत आवाज आमच्या चार ओव्या पुढं गेलेला असतो. व्यासपीठ चालवायला, म्हणजे पुढं बसून सगळ्यांचं वाचन एका लयीत न्यायला, मीच बसतो, त्यामुळं तो नेमका माझ्या कानात शिरतो. माणूस भाविक असतो, घरी वर्षानुवर्षं गुरुचरित्र वाचणारा असतो. घोळ तिथंच आहे.

घरचं पारायण तुम्हाला माहीत आहे. दत्तजयंतीच्या आधीचे सात दिवस, ठरलेली जागा, रोजचे ठरलेले अध्याय, सोवळं. तांबडा-पांढरा रस्सा बंद, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. संकल्प तुमचा, वेग तुमचा, घसा बसला तर मनात वाचायची मुभाही तुमचीच.

काहीजण म्हणतात, "आम्ही वाडीला शंभर माणसांत बसून वाचलंय, आम्हाला काय सांगता?" अहो, नृसिंहवाडीत शेजारी-शेजारी बसून जो तो आपापली पोथी वाचतो. एक सातव्या अध्यायावर, शेजारचा एकविसाव्यावर. त्यात उणं काही नाही, पण ती एका छपराखालची शंभर घरची पारायणं झाली.

सप्ताहातल्या ज्ञानेश्वरीचं तसं नाही. तिथं पारायण एकच, आणि ते अख्ख्या मंडपाचं. 18 अध्याय, 9000च्या आसपास ओव्या, सात दिवस. म्हणजे दिवसाला साधारण 1300. व्यासपीठ ज्या ओवीवर, त्याच ओवीवर सगळे. आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चालला असाल तर हे पायांना कळलेलं असतं. लवकर पोचायची घाई कितीही असो, पताकेच्या पुढं कुणी पळत नाही. तोंडाला मात्र हे कळत नाही.

का कळत नाही, ते ओवीतच बघा. ज्ञानेश्वरीच्या ओवीला चार चरण. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. घरी एकटं वाचताना आपण तो आखूड चरण गिळतो आणि त्याच श्वासात पुढची ओवी धरतो. त्यानं भराभर उरकतं, आणि वर्षानुवर्षांची तीच सवय मंडपात येते. इथं चौथ्या चरणानंतरचा तो क्षणभराचा थांबा सगळ्यांचा असतो. तिथंच सगळे श्वास घेतात, तिथंच मागं राहिलेला माणूस येऊन मिळतो, आणि पुढची ओवी एकदम उचलली जाते. तुम्ही तो थांबा खाल्लात की शेजारी अक्षर लावत वाचणाऱ्या आजींना परत शिरायला फट उरत नाही. त्या गप्प होतात आणि तुम्हाला वाटतं त्यांचा डोळा लागला.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ओवी राहिल्यावर. खोकला आला, चष्मा घसरला, दोन ओव्या सुटल्या. घरच्या सवयीचा माणूस त्या दोन ओव्या दुप्पट वेगानं भरून काढतो, कारण घरी एक ओवीही सुटलेली चालत नाही. मंडपात त्या सोडून द्यायच्या. सगळे जिथं आहेत तिथं बोट ठेवायचं आणि पुढच्या ओवीपासून धरायचं. सुटलेल्या ओव्या तुमच्या कानावर पडल्यात की! इथं ऐकलेलंही वाचलेल्यात धरतात, नाहीतर अक्षरओळख नसलेल्या बायका सातही दिवस कशाला येऊन बसल्या असत्या? तरीही चैन पडत नसेल तर रात्री घरी वाचा, कुणाची ना नाही.

आवाज किती लावायचा? शेजाऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येईल इतकाच. तेराव्या अध्यायाला मात्र मोकळा सोडा. एकट्या त्या अध्यायात 1100च्या वर ओव्या आहेत आणि तिथं मंडप हटकून पेंगतो. पहिल्या दिवशी गाजलेला तो खणखणीत आवाज अशा वेळी चहाला गेलेला असतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव. अठरावा तर 1800च्या घरात. शेवटच्या दोन दिवसांत निम्मे घसे बसलेले असतात, तेव्हा ताज्या घशाची खरी गरज लागते.

दुसऱ्याचा शब्द चुकला तर वाचन सुरू असताना दुरुस्त करू नका. प्रतीप्रतीत शब्द बदलतात, एखाददुसरी ओवीही कमी-जास्त निघते. चूक त्याची नसेल, प्रत तुमची वेगळी असेल. आणि कृपा करून "पान कितवं?" असं विचारू नका. प्रत्येकाच्या ग्रंथाचं पान वेगळं. अध्याय आणि ओवीचा आकडा विचारा.

टोपी घालावी की फेटा बांधावा, सतरंजी की खुर्ची, यावर मला वेळ घालवायचा नाही. मोबाइलवर वाचलं तरी चालतं. मी स्वतः छापील ग्रंथच घेतो, कारण त्यावर मेव्हण्याचा फोन येत नाही.

उशिरा आलात तर मागच्या रांगेत बसा. शेजाऱ्याच्या ग्रंथावर बोट कुठं आहे ते बघून आपली ओवी काढा, आणि चौथा चरण संपेपर्यंत तोंड उघडू नका.